तासाभरावर राहिलेली खिंड

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो. डाव्या पायाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक 'बुटांची जोडी' म्हणतात आणि आम्हा दोघांना एकाच मापाने मोजतात. माझा जोडीदार, म्हणजे उजवा, स्वभावाने थंड आहे. ठेवाल तिथे राहतो. मला मात्र एका जागी फार वेळ ठेवले की अंगात मुंग्या भरतात. बुटाला कसल्या मुंग्या, असे कोणी म्हणेल. त्याने एकदा पलंगाखाली आठवडाभर पडून पाहावे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एकाने माझे चामडे कापले, दुसऱ्याने कडा दुमडल्या, तिसऱ्याने मला साच्यावर ताणले. माझी जीभ शिवणाऱ्या बाई दिवसभर शेजारणीशी गप्पा मारत आणि हाताकडे न बघता सरळ टाके घालत. शेवटी खालून गरम, फेसाळ असे काहीतरी ओतले गेले. ते थंड झाले आणि माझा तळ तयार झाला. जाड, लवचीक, खोल खाचांचा. त्या तळाचा मला फार अभिमान होता. सगळे दुखणे पुढे तिथेच निघणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक?

पुढचे वर्ष एका दुकानाच्या फळीवर गेले. गिऱ्हाइके येत, खोका उघडत, उजव्याला पायात घालून आरशासमोर दोन फेऱ्या मारत आणि "बघू नंतर" म्हणून निघून जात. मला कोणी बाहेरसुद्धा काढत नसे. उजवा परत आला की मी त्याला विचारी, "काय पाहिलंस?" तो म्हणे, "फरशी." एवढेच. माझा जीव तीळ तीळ तुटायचा.

मग एके दिवशी मास्तर आले. ते शिंपी होते आणि सगळा बाजार त्यांना मास्तरच म्हणत असे. गळ्यातली मोजपट्टी काढायची ते विसरले होते. आम्हाला पायात घालण्याआधी त्यांनी उलटेपालटे करून आमची शिवण पाहिली, नखाने टाके मोजले आणि दुकानदाराला म्हणाले, "काम चांगलंय. पण या डाव्याच्या जिभेपाशी एक टाका सुटलाय."

"अहो, तो कोणाला दिसणार आहे?"

"मला दिसला ना," मास्तर म्हणाले आणि तरीही आम्हाला घेतले. घरी नेल्यावर त्यांनी आधी तो टाका घातला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्याकडे उजव्याच्या आधी पाहिले होते. मी त्यांचाच झालो.

मास्तरांचे दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होते आणि इतके अरुंद, की मोठे कापड बेतायचे झाले तर गिऱ्हाइकाला रस्त्यावर उभे राहावे लागे. भिंतीला अर्धवट कोट टांगलेले असत, एकाला बाही नाही, एकाला कॉलर नाही. टेबलावर खडू, इस्त्री, जड कात्री आणि खिडकीशी पायमशीन. मास्तर सकाळी मशीनवर बसत आणि त्यांचे पाय सुरू होत ते दिवस मावळेपर्यंत. समोरच्या दवाखान्यातले कंपाउंडर, उंच आणि काटकुळे गृहस्थ, रोज चहाच्या वेळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसत. तेच एकदा म्हणाले होते, "मास्तर, तुमचे पाय दिवसाला पाच कोस चालतात आणि पोचत कुठेच नाहीत. चला माझ्याबरोबर डोंगरात." हे ऐकून मास्तर हसले होते, पण त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती, आणि दुसऱ्याच दिवशी ते बूट घ्यायला आले होते.

मास्तरांच्या पत्नीला हे खूळ वाटले. "डोंगरात काय ठेवलंय? माळ्यावरची पेटी काढा म्हटलं की यांचा गुडघा धरतो," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पण पहिल्या खेपेला सॅक भरून दिली ती त्यांनीच, आणि तीही इतकी ठासून, की मास्तर ती पाठीला लावून उठले ते दोन पावले मागेच गेले.

त्यानंतरची सहा वर्षे ही माझी खरी कामाची वर्षे. वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस दुकान बंद ठेवून मास्तर आणि कंपाउंडर डोंगराला जात. कंपाउंडरांचा मेहुणा भांडी आणि तंबू घेऊन बरोबर असे. मी किती वाटा तुडवल्या म्हणून सांगू? घसरड्या मुरमाच्या, कातळाच्या, गुडघाभर गवताच्या. डोंगरात निदान वर जायचे आहे एवढे तरी कळते. जंगलात तेही कळत नाही. पडलेल्या झाडाखालून वाकून जावे तर पलीकडे दुसरे पडलेले झाड. मुळांवर शेवाळ, शेवाळावर पाणी, आणि पानांच्या टोकावर उभ्या राहून वाट बघणाऱ्या जळवा. त्या माझ्यावरून सुरसुर चढत आणि मोज्याच्या कडेशी पोचल्या की मास्तर मिठाची पुरचुंडी काढत. एकदा ओल्या मातीत एक पंजा उमटलेला दिसला, माझ्याहून रुंद आणि अगदी ताजा. मास्तरांनी माझे माप त्याच्याशेजारी लावून पाहिले आणि पुढचा तासभर तिघेही मागे वळून बघत चालले. मला मात्र तो पंजा कुठे गेला ते बघायला जायचे होते.

कंपाउंडरांचा एक नियम होता. मुक्काम पडला, की चूल पेटण्याआधी प्रत्येकाने बूट-मोजे काढायचे आणि दोन्ही पाय त्यांच्यापुढे करायचे. ते बॅटरी घेऊन बोटांच्या बेचकीत पाहत, टाच दाबत आणि लाल दिसले तिथे पट्टी चिकटवत. "फोड मिरीएवढा असताना सांगा," ते म्हणत. "लिंबाएवढा झाल्यावर मी काय करणार, आरती ओवाळू?" मेहुणा पाय पुढे करताना लाजत असे. मास्तर मोठ्या ऐटीत करत, कारण सहा वर्षांत त्यांच्या पायाला एकदाही फोड आला नव्हता. त्याचे श्रेय ते सगळ्यांसमोर आम्हाला देत. मी फुगून जाई. गर्वाचे घर खाली, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

कंपाउंडरांच्या मनात एक वाट फार वर्षे होती. तीन दिवस दाट जंगल, चौथ्या दिवशी एक उंच खिंड आणि पाचव्या दिवशी पलीकडच्या रस्त्यावर उतरायचे. तरुणपणी त्यांनी त्या खिंडीबद्दल कोणाकडून तरी ऐकले होते. नकाशा घड्यांवर फाटला होता, तो मास्तरांनी मागून कापड लावून शिवून दिला होता. सातव्या वर्षी कंपाउंडरांना एकदाची जास्तीची रजा मिळाली आणि आम्ही निघालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर घाईत होते. माझ्यात पाय घालताना मोज्याला टाचेपाशी एक चुणी पडली. मित्रांनो, हा तोच माणूस, जो बाहीला चुणी पडली तर सगळी बाही उसवून पुन्हा लावी. पण त्या दिवशी त्यांनी तशीच नाडी आवळली. दुपारपर्यंत त्या चुणीने टाच घासून काढली. मला कळत होते. माझ्याच आत घडत होते ते. मी जमेल तितका सैल झालो, पण बूट तो किती सैल होणार?

संध्याकाळी ओढ्याकाठी मुक्काम पडला. कंपाउंडर बॅटरी घेऊन आले. मास्तरांच्या टाचेला फोड होता, मिरीएवढा नाही, चांगला बोराएवढा. त्यांनी काय करावे? उजवा पाय पुढे केला. कंपाउंडर मेहुण्याला काही सांगायला वळले, तेवढ्यात मास्तरांनी पाय मागे घेतला आणि पुन्हा उजवाच पुढे केला. कंपाउंडर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "ठीक आहे, मास्तर. झोपा." आणि बॅटरी विझवली.

सहा वर्षे न आलेला फोड नेमका खिंडीच्या आदल्या दिवशी यावा, याची मास्तरांना लाज वाटली. 'बसून काम करणारा माणूस,' असे कोणी म्हणेल याची भीती वाटली. एवढेच. एवढ्यासाठी त्यांनी एकच पाय दोनदा दाखवला.

दुसऱ्या दिवशी चढावर फोड फुटला. पाय सुजला, मी आतून ओला झालो आणि मास्तर काठीवर सगळा भार टाकून चालू लागले. समोर दोन काळ्या कड्यांच्या मध्ये खिंड दिसत होती, फार तर तासाभराची चढण. तिथे मास्तर बसले ते उठेनात. कंपाउंडरांनी नाडी सोडून मला हळूच ओढून काढले आणि बराच वेळ टाचेकडे बघत राहिले.

"आता?" मेहुण्याने विचारले.

"आता मागे," कंपाउंडर म्हणाले. "पलीकडे उतरायचं म्हणजे दीड दिवस उभा उतार. या पायाने नाही व्हायचं. मागची वाट लांब, पण ओळखीची आहे; थांबत थांबत जाऊ."

"तुम्ही दोघं जा ना वर," मास्तर म्हणाले. "मी इथे बसतो."

"एकट्याला जंगलात सोडून? चला. डोंगर काय पळून जातोय?"

डोंगर पळून गेला नाही, मित्रांनो. पुढच्या वर्षी कंपाउंडरांचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, पण जिने चढणेही अवघड झाले. ते काठी टेकत रस्ता ओलांडून दुकानाच्या पायरीवर येत आणि चहा पीत. एकदा ते म्हणाले, "मास्तर, माझं आता होत नाही. तुम्ही जाऊन या. पलीकडे काय आहे ते बघा आणि मला येऊन सांगा." मास्तर हो म्हणाले. सुई दातात धरलेली होती, त्यामुळे त्यांना जास्त बोलता आले नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला धुतले, तेल चोळले, पोटात कागदाचे बोळे भरले, डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड दोऱ्याने करकचून बांधले. "आता खिंडीच्या दिवशीच काढायचे," ते पत्नीला म्हणाले आणि आम्हाला माळ्यावर ठेवले. मला वाटले, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे.

नऊ वर्षे लागली.

आधी मुलीची परीक्षा आली, मग पत्नीचे आजारपण, मग दुकानाचे छत गळू लागले. दर वर्षी मास्तर खालून माळ्याकडे बघत आणि म्हणत, "पुढच्या वर्षी नक्की." बिचारे छोट्या डोंगरांनाही गेले नाहीत. खिंड झाल्याशिवाय दुसरीकडे जाणे त्यांना प्रशस्त वाटेना. मी काळोखात पडून दिवसभर खालचे मशीन ऐकत असे. पाय चालतायत, चालतायत, आणि मी इथे. उजवा म्हणे, "झोप की जरा." मला झोप कुठली? आणि त्याच काळात माझ्या तळाला काहीतरी होऊ लागले होते. पिशवीतली कोंडलेली दमट हवा आत शिरत होती. तळ वरून जसाच्या तसा दिसे, पण आत त्याचा भुगा होत होता. चालते राहिलो असतो तर आणखी काही वर्षे टिकलो असतो. मला ते कळत होते, पण सांगणार कोणाला आणि कसे?

गंमत अशी, की खाली दुकानात मास्तर दर दोन दिवसांनी कोणाला तरी सुनावत. "कोट कपाटात ठेवून ठेवून मारलात. अंगावर घातला असता तर जगला असता. अधूनमधून बाहेर काढा, वारा द्या." लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण.

शेवटी मुलीनेच ते कोडे सोडवले. ती आता नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात नोकरीला होती आणि सुट्टी मिळाली की मैत्रिणींबरोबर सॅक घेऊन डोंगरात जात असे. बापाची लेक. एके दिवशी तिने टेबलावरचे कापड बाजूला सारले आणि नवा नकाशा पसरला.

"बाबा, ही तुमची खिंड. पुढच्या महिन्यात जायचं."

"पुढच्या वर्षी जाऊ. सध्या कामं आहेत."

"पुढच्या वर्षी म्हणालात तर मी एकटी जाईन. आणि तुम्हाला येऊन सांगेन."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. त्या दिवशीच आम्ही माळ्यावरून उतरलो.

पिशवी सोडली तेव्हा आम्ही चकाकत होतो. कंपाउंडर पायरीवरून म्हणाले, "बूट तपासले का? नऊ वर्षं झाली." मास्तरांनी मला बोटांनी दाबले, दुकानाच्या चार पावलांत चालून दाखवले आणि म्हणाले, "नवेकोरे आहेत. जपलेत ना." मला लाज वाटली. पण खरे सांगतो, मला जायचेही होते. मला बोलता आले असते तरी त्या दिवशी मी बोललो असतो की नाही, कोण जाणे.

पहिले दोन दिवस नीट गेले. जंगल तसेच होते, फक्त मास्तर जरा हळू चालत होते आणि लेक पुढे जाऊन थांबत होती. तिनेही मुक्कामाला कंपाउंडरांचा नियम चालू ठेवला होता. "दाखवा पाय. दोन्ही," असे ती म्हणे आणि मास्तर निमूटपणे दाखवत. तिसऱ्या दिवशी सकाळी ओढा ओलांडून वर आलो आणि माझी टाच सुटली. पाऊल उचलले की तळ मागे लोंबे, टेकले की फटकन आपटे. फट, फट.

मास्तरांच्या लक्षात आले. त्यांनी खाली पाहिले नाही. एक पाऊल टाकले, दोन टाकली. लेक पुढे होती, पाठमोरी. पुन्हा तेच होणार, मला वाटले. हा माणूस पुन्हा गप्प बसणार, नाडी आवळणार आणि उद्या संध्याकाळी कुठेतरी कड्याखाली बसून राहणार. तीन, चार, पाच. दहाव्या पावलाला मास्तर थांबले.

"थांब गं," त्यांनी हाक मारली. "माझा बूट बघ."

ती मागे आली. "कधी झालं हे?"

"आत्ताच." मग घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे, दहा पावलांपूर्वी."

ती हसली नाही. तिने मला हातात घेतले आणि भिजलेल्या पावाचा तुकडा पडावा तसा माझा तळ तिच्या हातात आला. मग उजव्याला दाबून पाहिले. त्याचीही तीच गत. तो बिचारा काही न बोलता आणखी एक दिवस रेटणार होता.

"परत जाऊ या, बाबा," ती म्हणाली.

"परत जायला दोन दिवस. पुढे जायला तीन. बूट काय, दोन्हीकडे लागणारच." मास्तर एका ओंडक्यावर बसले. "सकाळ आहे अजून. दुपारी सांगितलं असतं तर कठीण होतं. तुझी झोपायची मॅट काढ. आणि पाण्याचा एक कॅन रिकामा कर."

सॅक फाटली तर असावे म्हणून मास्तर कायम दाभण आणि मेण लावलेला दोरा जवळ ठेवत. त्यांनी माझा भुगा झालेला तळ खरवडून काढला. कॅनच्या जाड प्लास्टिकवर माझे माप खडूने नाही, कोळशाने आखले आणि चाकूने कापले. वर मॅटचे दोन थर ठेवले. मग दाभणाने कडेकडेने भोके पाडत, चामड्यासकट सगळे एकत्र शिवायला घेतले. लेकीने आयुष्यात बटणही लावले नव्हते. तिने उजव्याला धरले आणि मास्तर सांगतील तसा दोरा ओढू लागली.

"ओढ. अजून. अगं, तोडू नकोस, ओढ."

"ओढतेच आहे. बोट कापलं माझं."

"मग दाखव," मास्तर म्हणाले, आणि काम थांबवून त्यांनी तिच्या बोटाला पट्टी लावली.

तीन तास लागले. घसरू नये म्हणून शेवटी खालून सुतळीचे वेढे घातले. मी दिसायला भयंकर झालो होतो. कारखान्यातल्या त्या बाईंनी पाहिले असते तर तोंडात बोटे घातली असती. पण मास्तरांनी मला पायात घातले, मोजा टाचेपाशी तीनदा ताणून पाहिला आणि उभे राहिले. डोंगरातला मार्ग मला आता पूर्वीपेक्षा फार जवळून कळत होता. प्रत्येक खडा टोचत होता. तरी मी चालत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही त्या जागेवरून गेलो, जिथे नऊ-दहा वर्षांपूर्वी मास्तर बसले होते. ते थांबले नाहीत. तासाभराने दोन काळ्या कड्यांमधून आम्ही वर आलो आणि वारा असा अंगावर आला, की लेकीची टोपी उडून मागे गेली.

पलीकडे खोल दरी होती. दरीत जंगल, अगदी निळे दिसणारे, आणि त्यातून जाणारी नदीची एक बारीक रेघ. नदीपलीकडे डोंगरांची आणखी एक ओळ, आणि त्या ओळीत, नीट बघितले तर, आणखी एक खिंड. मास्तर बराच वेळ उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी लेकीला विचारले, "त्या खिंडीच्या पलीकडे काय असेल?" मला अगदी हेच विचारायचे होते.

उतारावर माझ्या सुतळ्या एकेक करून तुटल्या आणि रस्ता लागला तेव्हा माझ्याखाली मॅटच्या चिंध्या उरल्या होत्या. बस थांब्यावर कचऱ्याची पेटी होती. लेकीने तिकडे पाहिले. मास्तरांनी मान हलवली आणि आम्हाला कापडी पिशवीत घातले. तोंड न बांधता.

दुसऱ्या दिवशी ते आम्हाला घेऊन कंपाउंडरांच्या घरी गेले. कंपाउंडर खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर लांब केलेला. मास्तरांनी त्यांना दरी सांगितली, नदी सांगितली, दुसरी खिंड सांगितली, वाऱ्याने उडालेली टोपीसुद्धा सांगितली. कंपाउंडर डोळे मिटून ऐकत होते.

"म्हणजे डोंगरामागे डोंगरच," ते शेवटी म्हणाले. "मग मी काही फार चुकवलं नाही."

"चुकवलंत," मास्तर म्हणाले. "फार चुकवलंत. आणि माझ्यामुळे. त्या संध्याकाळी ओढ्याकाठी मी तुम्हाला एकच पाय दोनदा दाखवला होता."

कंपाउंडरांनी डोळे उघडले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुमच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर कात्री पडली होती त्या वर्षी. नख काळं होतं. ते मला दोनदा दिसलं."

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग बोलला का नाहीत?"

"डावा बघितला असता तर फोड दिसला असता. फोड दिसला असता तर दुसऱ्या दिवशी मुक्काम करावा लागला असता, आणि माझी रजा संपत होती." कंपाउंडर आपल्या गुडघ्यावरून हात फिरवत होते. "म्हटलं, ओढतील एक दिवस. नियम माझा, आणि मोडलाही मीच. दहा वर्षं तुम्ही मनाला लावून घेतलंत आणि मी पायरीवर बसून चहा पीत राहिलो. सांगायचं धाडस झालं नाही, मास्तर."

मास्तरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मी पिशवीच्या तोंडातून बघत होतो. इतकी वर्षे जी मी एका माणसाची चूक समजत होतो, ती दोघांनी मिळून झाकलेली होती, आणि तिने दोघांनाही पोखरले होते. माझ्या तळासारखेच.

मित्रांनो, आम्हा बुटांना जीभ असते, पण तिला बोलता येत नाही. नाहीतर माळ्यावरून मी केव्हाच ओरडलो असतो. तुमच्या जिभेला बोलता येते. तेव्हा एवढे ऐका. जे आवडते ते पिशवीत बांधून चांगल्या दिवसासाठी ठेवू नका. वापरा, झिजवा, मळवा, धुवा, वाऱ्याला ठेवा. आणि कुठे दुखत असेल तर मिरीएवढे असतानाच सांगा. दहा पावले उशीर झाला तरी चालेल. दहा वर्षे नको.

आता माझे काय, असे विचाराल. माझे चामडे अजून धड होते. मास्तरांनी आम्हा दोघांना उसवले, कापले आणि लेकीच्या सॅकचे पट्टे खांद्यावर रुतत होते तिथे आतून शिवून दिले. पायातली वहाण पायातच बरी, असे म्हणतात. म्हणू देत. मी डाव्या खांद्यावर आहे, उजवा उजव्या, आणि इथून मला पहिल्यांदाच वाटेच्या पुढचे दिसते. बाप-लेक आज त्या दुसऱ्या खिंडीला निघणार आहेत. मास्तर नवे बूट घालून कधीचे पायरीवर उभे आहेत, कंपाउंडर त्यांना पायांबद्दल काहीतरी बजावत आहेत, सॅक भरून दाराशी ठेवली आहे. आणि ही पोरगी अजून अंथरुणात आहे. उजेड होऊन अर्धा तास झाला. कोणीतरी तिला हाक मारा.